वॉटर्लू पुलावरची तांब्याची तार

साखर कारखान्यात गाळप चालू असताना रसाच्या पाइपवर मध्येच एक जाडजूड तुकडा बसवलेला दिसतो. वर छोटा पडदा, त्यावर ताशी किती रस जातोय तो आकडा. आत फिरणारे चक्र नाही की रसाला आडवे येणारे पाते नाही. असते तर रसातल्या बारीक भुश्याने ते केव्हाच गच्च झाले असते. याला मॅग्नेटिक फ्लोमीटर म्हणतात. शहरांच्या मोठ्या जलवाहिन्यांवर आणि सांडपाणी केंद्रांतही हाच असतो. त्याची गोष्ट सुरू होते लंडनमधल्या एका फसलेल्या प्रयोगापासून.

मायकेल फॅराडे यांना ऑगस्ट 1831 मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन सापडले. तार चुंबकीय क्षेत्रातून हलवली की तिच्यात वीज निर्माण होते. मग तारेऐवजी पाणी वाहिले तर? पाणीही वीज वाहून नेते, आणि पृथ्वी हा तर आयता चुंबक. जानेवारी 1832 मध्ये त्यांनी वॉटर्लू पुलाच्या कठड्यावर 960 फूट लांब तांब्याची तार टाकली, तिच्या दोन्ही टोकांना जोडलेले धातूचे पत्रे थेम्सच्या पात्रात सोडले आणि मध्ये गॅल्व्हानोमीटर, म्हणजे वीज वाहिली की काटा हलवणारे उपकरण, जोडला. ओहोटीला पाणी समुद्राकडे आणि भरतीला उलटे, म्हणजे काटाही आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला झुकायला हवा होता. तीन दिवस खटपट चालली. काटा हलला, पण त्याच्या हलण्याचा भरती-ओहोटीशी मेळ बसेना.

चूक कुठे होती हे आज साध्या गुणाकाराने दिसते. लंडनजवळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उभा घटक साधारण 44,000 नॅनोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक). पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटर आणि पात्र सुमारे 290 मीटर रुंद धरले, तर काठाकाठांत जेमतेम 13 मिलीव्होल्ट येतात. नदीचा तळही वीज वाहतो, त्यामुळे हातात येते ती त्याहून कमी. उलट पाण्यात बुडवलेल्या दोन पत्र्यांत थोडा जरी फरक असला, इकडचे पाणी तिकडच्यापेक्षा थोडे गढूळ किंवा गार असले, तरी रासायनिक कारणाने तेवढाच व्होल्टेज आपोआप तयार होतो. फॅराडेंनी हा दोष स्वतःच ओळखला आणि लिहूनही ठेवला. कल्पना मात्र त्यांनी सोडली नाही.

(हाच प्रयोग ठाण्याच्या खाडीवर केला असता तर हाती निम्म्याहून कमी आले असते. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्याने इथे क्षेत्र बरेचसे आडवे असते, उभा घटक कमी. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापे पूर्वी मुंबईत कुलाबा वेधशाळेत होत. विजेच्या ट्राम आल्या तर त्यांच्या प्रवाहाने सुया बहकतील, म्हणून 1904 पासून ती अलिबागला होऊ लागली.)

मुळात घडते काय? चुंबकीय क्षेत्रातून विद्युतभार निघाला की त्याला आडवा रेटा बसतो, त्याच्या वाटेलाही काटकोनात आणि क्षेत्रालाही काटकोनात. पाण्यातले धन आयन, म्हणजे धन विद्युतभार असलेले कण, एका काठाकडे सरकतात, ऋण आयन दुसऱ्याकडे. घन धातूतही असेच होते हे एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने 1879 मध्ये सोन्याच्या वर्खावर दाखवले. रेटा तारेवर बसतो, आतल्या प्रवाहावर नाही, असे मॅक्सवेल यांच्या वीज-चुंबकत्वावरच्या ग्रंथात वाचून त्याला ते पटले नव्हते, म्हणून हा खटाटोप. 1895 मध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झ यांनी या रेट्याचे सूत्र मांडले.

नदी नळीत यायला मात्र शंभरएक वर्षे गेली. 1930 मध्ये ई. जे. विल्यम्स यांनी नळीतून मोरचुदाचे द्रावण सोडले आणि व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात वाढतो हे दाखवले. 1936 मध्ये अलेक्झांडर कोलिन यांनी रक्तवाहिनी न कापता तिच्यातल्या रक्ताचा प्रवाह याच तत्त्वावर मोजला. पत्र्यांच्या रासायनिक कटकटीवरचा उतारा म्हणजे नळीवरच्या विद्युतचुंबकाचे क्षेत्र सतत उलटसुलट करणे. प्रवाहामुळे आलेला व्होल्टेज क्षेत्राबरोबर उलटतो, रसायनामुळे आलेला जागच्या जागी राहतो. दोन्ही वेगळे काढता येतात. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली खरी हुशारी इथे आहे. कारण नळीतला संदेश थेम्सपेक्षाही बारीक असतो. 100 मिलिमीटरच्या पाइपमध्ये, 5 मिलिटेस्लाच्या क्षेत्रात, सेकंदाला 1 मीटर वेगाने पाणी गेले तर मिळतो अर्धा मिलीव्होल्ट. 1950 च्या दशकात हे मीटर कारखान्यांत आले. रस, मळी, सांडपाणी, काहीही चालते. फक्त द्रवाने वीज वाहिली पाहिजे. डिझेलपुढे तो आंधळा.

पाण्यात क्षेत्र वेग मोजते, वेग बदलत नाही. द्रवरूप धातूत बदलते. हार्टमान यांनी कोपनहेगनमध्ये पाऱ्यावर काम करून 1937 मध्ये दाखवले की जोरदार क्षेत्रात पारा ब्रेक लावल्यासारखा रेंगाळतो. पोलाद ओतताना वितळलेल्या धातूची धार शांत करायला आज तोच ब्रेक वापरतात. 1942 मध्ये स्वीडनच्या हान्नेस आल्फवेन यांनी हेच नाते ताऱ्यांपर्यंत नेले आणि 1970 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आपल्याकडे कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडर चाचणी अणुभट्टीत उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवरूप सोडियमचा प्रवाह कायमचुंबकाच्या फ्लोमीटरने मोजतात.

आणि फॅराडेंची मूळ तार? त्यांचा पुढचा तर्क असा होता की समुद्रातल्या मोठ्या प्रवाहांतही वीज निर्माण होत असणार. 1851 मध्ये इंग्लिश खाडीखालून टाकलेल्या टेलिग्राफच्या केबलमध्ये भरती-ओहोटीच्या तालावरचा व्होल्टेज सापडला. फ्लोरिडा आणि बहामा बेटांमधल्या समुद्राखालच्या टेलिफोन केबलवर 1982 पासून असाच व्होल्टेज टिपला जाऊ लागला, आणि त्यावरून तिथल्या सागरी प्रवाहाचा अंदाज काढला गेला: सेकंदाला सरासरी सुमारे 3.2 कोटी घनमीटर पाणी.