मॉर्मन श्रद्धेतल्या शंकेची पार्श्वभूमी

मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या माणसाची शंका समजून घ्यायची तर आधी त्याचा वॉर्ड समजून घ्यावा लागतो. वॉर्ड म्हणजे स्थानिक मंडळी. ती घराच्या पत्त्यावरून ठरते, आवडीनुसार निवडता येत नाही. वॉर्डचा प्रमुख, बिशप, बिनपगारी असतो, बहुधा शेजारपाजारचाच. म्हणजे मनातली खळबळ सांगायची ती ज्याच्याशी रोजची ऊठबस आहे त्यालाच.

महिन्यातून एका रविवारी, सहसा पहिल्या, उपवास करून साक्षी, म्हणजे श्रद्धेची जाहीर ग्वाही, दिल्या जातात. ‘हे चर्च खरं आहे, हे मला ठाऊक आहे’ हे तिथलं ठरलेलं वाक्य. ‘मला आशा आहे’ म्हणणारा लगेच वेगळा दिसतो. टेंपल म्हणजे रविवारच्या सभेच्या जागेहून वेगळं, खास विधींचं मंदिर. त्याच्या प्रवेशपत्रासाठी मात्र ‘ठाऊक आहे का’ असं विचारत नाहीत. श्रद्धा आणि साक्ष आहे का, असं विचारतात. हा फरक फार मोलाचा आहे, कारण प्रामाणिक माणसाला पाय ठेवायला जागा तिथेच मिळते. मुलाखती दोन: आधी बिशपकडे, मग अनेक वॉर्ड मिळून होणाऱ्या स्टेकच्या नेत्याकडे. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, चर्चला दिला का, दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य आहे का, हेही विचारतात. पत्र दोन वर्षं चालतं. ते नसेल तर पोटच्या मुलीच्या टेंपलमधल्या लग्नालाही आईबापांना बाहेर थांबावं लागतं. अमेरिकेत आधी नागरी लग्न केलं तर टेंपलविधीसाठी वर्षभर थांबावं लागे; ती अट २०१९ मध्ये उठली.

जोसेफ स्मिथने १८३० साली स्थापलेल्या या चर्चचे दावेच ऐतिहासिक आहेत. म्हणून जुना कागद सापडला की थेट श्रद्धेला धक्का बसतो. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडून स्मिथच्या संग्रहातले पपायरसचे तुकडे चर्चला मिळाले. स्मिथने ज्यातून अब्राहामाचं पुस्तक हा चर्चचा धर्मग्रंथ भाषांतरित केल्याचं सांगितलं, त्या संग्रहातल्या तुकड्यांवर अभ्यासकांना मिळाला तो इजिप्तचा अंत्यविधीचा मजकूर. त्याच वर्षी इतिहासकार रिचर्ड पोल यांनी मॉर्मन ग्रंथातल्या दोन प्रतीकांवरून सभासदांचे दोन स्वभाव मांडले: लोखंडी कठडा धरून पावलापावलाने चालणारे, आणि लिआहोना या होकायंत्रावरून फक्त दिशा घेणारे. दोघेही चर्चचेच, हा त्यांचा आग्रह होता.

१९७२ मध्ये लेनर्ड अॅरिंग्टन चर्चचे इतिहासकार झाले आणि दप्तरखाना अभ्यासकांना मोकळा झाला. दहा वर्षांत ते पर्व संपलं. सप्टेंबर १९९३ मध्ये लेखन-भाषणांबद्दल सहा अभ्यासक-विचारवंतांवर चर्चने कारवाई केली, त्यातल्या पाचांना बहिष्कृत केलं. २०१३ पासून बहुपत्नीत्व, कृष्णवर्णीयांना १९७८ पर्यंत नाकारलेलं याजकपद अशा विषयांवर चर्चनेच सविस्तर निबंध दिले.

बहिष्कृताला सभेला येता येतं. पण प्रभुभोजनाच्या विधीत भाकर-पाण्याचं तबक पुढे सरकवायचं, त्यातलं घ्यायचं नाही. मोठ्याने प्रार्थना नाही, दशांशही स्वीकारत नाहीत. १९९३ च्या त्या सहांपैकी लॅव्हिना फील्डिंग अँडरसन अशाच वर्षानुवर्षं आपल्या वॉर्डात येत राहिल्या. २०१९ मध्ये स्थानिक नेत्यांनी त्यांना परत घ्यायला संमती दिली. सॉल्ट लेक सिटीतल्या अध्यक्षमंडळाने, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वाने, ती नाकारली. २०२३ मध्ये त्या वारल्या.