रशियन संगीत, लाइपझिगचा छापखाना आणि कॉपीराइटचा घोळ

एकोणिसाव्या शतकात बराच काळ संगीताचा कॉपीराइट देशाच्या वेशीपाशी संपत असे. बेथोव्हेनने १८०७ मध्ये लंडनच्या एका प्रकाशकाला चौथ्या सिंफनीसह काही रचनांचे हक्क २०० पौंडांना दिले, ते फक्त ब्रिटिश मुलखापुरते. बाकीचा युरोप विकायला तो मोकळाच होता. शोपँच्या रचना पॅरिस, लाइपझिग आणि लंडन अशा तीन ठिकाणी तीन प्रकाशक काढत, आणि तारखा जुळवता जुळवता सगळ्यांच्या नाकी नऊ येत.

एकमेकांचे कॉपीराइट मानायचे असं ठरवणाऱ्या देशांच्या १८८६ च्या बर्न कराराने हा आटापिटा पुष्कळ कमी झाला, पण त्यावर रशियाची सही नव्हती. रशियन संगीतकार रॅखमॅनिनॉव्हचा सी शार्प मायनरमधला प्रिल्यूड, म्हणजे पियानोची एक छोटी रचना, मॉस्कोत छापला गेला. त्याच्या हातावर ४० रूबल टेकवले गेले. पुढे इंग्लंड-अमेरिकेत तो घरोघरच्या पियानोवर वाजू लागला, तरी वर एक छदाम आला नाही. लाकडाच्या एका धनाढ्य रशियन व्यापाऱ्याने मात्र वारं आधीच ओळखलं होतं. १८८५ मध्येच त्याने थेट लाइपझिगला प्रकाशनसंस्था काढली. ग्लाझुनोव्ह, बोरोदिन हे त्याचे संगीतकार रशियनच राहिले. त्यांच्या स्वरलिपींना जर्मन छापखान्याचं संरक्षण मिळालं.

खरा वाद अमेरिकेत पेटला. अमेरिका स्वतःच बर्न करारात १९८९ साली आली. तोवर सोव्हिएत काळातल्या कितीतरी रचना तिथे सार्वजनिक मालकीच्या होत्या. गावोगावचे छोटे वाद्यवृंद प्रोकोफिएव्हच्या ‘पीटर अँड द वुल्फ’ची स्वरलिपी एकदा विकत घेत आणि वर्षानुवर्षं वाजवत. १९९४ च्या कायद्याने अशा परदेशी रचनांना पुन्हा कॉपीराइट बहाल केला. आता दर कार्यक्रमाला स्वरलिपी भाड्याने आणायची आणि वाजवण्याचे पैसेही मोजायचे. काही संगीत-संचालक कोर्टात गेले. लोकांचं झालेलं लोकांकडून परत काढून घेता येतं का, हा त्यांचा साधा सवाल. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी ‘येतं’ असा निकाल दिला. इतर देशांशी बरोबरी साधायची हे कारण कागदावर पटतं, पण शाळा-कॉलेजच्या वाद्यवृंदांनी भाडं कुठून आणायचं, याचं उत्तर त्यात नाही.

रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या १९१० च्या मूळ ‘फायरबर्ड’ बॅलेला याची झळ लागली नाही, त्याची अमेरिकेतली मुदत तोवर उलटून गेली होती. स्ट्राविन्स्कीने १९४५ मध्ये अमेरिकेत राहून त्यातल्या निवडक भागांची जी नवी मांडणी (‘स्वीट’) केली, तिचे पैसे मात्र द्यावे लागतात.