अंतर्गत यूएसबी हब व कार्ड रीडर (डेस्कटॉप जोडणी)

डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटमध्ये बसवून मदरबोर्डवरच्या पिनांना थेट जोडली जाणारी उपकरणे. हबामुळे एका यूएसबी जोडणीच्या अनेक होतात. कार्ड रीडर कॅमेऱ्याची किंवा मोबाइलची मेमरी कार्डे वाचतो. दोघांचीही केबल कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात न जाता बोर्डवरच्या पिनांच्या जुडग्यात बसते. त्याला ‘हेडर’ म्हणतात. गोव्यात असे रीडर मुख्यतः फोटो स्टुडिओ, व्हिडिओ संकलन करणारे आणि झेरॉक्स-छपाईची दुकाने यांच्याकडे असतात. लग्नसराईत, जत्रेला किंवा शिगम्याच्या दिवसांत चार कॅमेऱ्यांची कार्डे एकाच रात्री उतरवून घ्यायची असली की लोंबकळणाऱ्या बाहेरच्या रीडरपेक्षा कॅबिनेटच्या तोंडावर पक्का बसलेला रीडर कितीतरी सोयीचा पडतो. जोडणी अवघड नाही, पण पिना मोजण्यात किंवा करंटच्या हिशेबात चूक झाली तर आधी पेनड्राइव्ह, मग रीडर आणि क्वचित बोर्डही जळतो.

नऊ पिनांचा हेडर. यूएसबी २.० च्या हेडरवर दोन रांगा असतात, प्रत्येकीत पाच जागा आणि दोन पिनांमध्ये २.५४ मिमी अंतर. दहा जागांपैकी नववी मुद्दाम रिकामी ठेवलेली असते आणि केबलच्या टोकावरचे तेवढेच छिद्र बुजवलेले असते, म्हणजे टोक उलटे बसत नाही. एक रांग म्हणजे एक पोर्ट. विषम रांगेत १ वर +५ व्होल्ट, ३ वर डेटा उणे, ५ वर डेटा अधिक आणि ७ वर ग्राउंड; सम रांगेत २, ४, ६, ८ वर हेच चार त्याच क्रमाने. दहावी पिन असते, पण तिच्यावर सहसा काही जोडलेले नसते. तारांचे रंग क्रमाने लाल, पांढरा, हिरवा, काळा. बोर्डवर हेडरशेजारी छापलेले नाव कंपनीगणिक बदलते: गिगाबाइटवर ‘एफ_यूएसबी’, एमएसआयवर ‘जेयूएसबी’. नाव पुसट झाले असेल तर बोर्डच्या मॉडेल क्रमांकावरून पुस्तिका उतरवून घ्यावी. अंदाजाने केबल लावू नये.

अंदाज नको, कारण दहा जागांचे आणखी तीन हेडर त्याच बोर्डवर असू शकतात. ऑडिओच्या हेडरमध्ये आठवी पिन नसते, म्हणजे रिकामी जागा कोपऱ्यात नसून कोपऱ्याच्या अलीकडे दिसते. सीरियल पोर्टच्या हेडरमध्ये दहावी नसते. खरा धोका जुन्या बोर्डवरच्या फायरवायर (व्हिडिओ कॅमेरे जोडायची जुनी पद्धत) हेडरचा. त्यातही बहुधा नववीच पिन नसते, त्यामुळे यूएसबीची केबल त्यावर अगदी बेमालूम बसते. फायरवायरच्या ७ आणि ८ वर १२ व्होल्ट असतात आणि यूएसबीचे ग्राउंड नेमके तिथेच येते. संगणक सुरू केला की जोडलेले उपकरण गेलेच. काही बोर्डांवर हा हेडर लाल रंगाचा असतो, पण रंगावर भिस्त ठेवू नये.

सर्वांत जास्त नुकसान जुन्या कॅबिनेटांत होते. त्यांत पुढच्या पोर्टांची टोके एकसंध नसून चार किंवा पाच छिद्रांची एकेरी पट्टी असते. काहींत तर प्रत्येक तार सुटी. बुजवलेले छिद्र नसल्याने अशी पट्टी उलटी सहज बसते आणि लाल तार ग्राउंडवर, काळी पाच व्होल्टवर जाते. पट्टी लावण्याआधी टॉर्चच्या उजेडात बोर्डवरची एक क्रमांकाची पिन शोधावी. तिच्याभोवती चौकोन, बाण किंवा जाड कोपरा छापलेला असतो. रिकामी नववी जागा तिच्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला असते. लाल तार नेहमी या रिकाम्या कोपऱ्यापासून सर्वांत दूर. मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर ठेवून १ आणि ७ मधला दाब मोजावा: ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये आला तर हेडर यूएसबीचा आणि बरोबर दिशेचा आहे. मोजताना मीटरची टोके शेजारच्या पिनांना एकदम टेकू देऊ नयेत.

एकोणीस पिनांचा हेडर. यूएसबी ३.० साठी (हे मानक २००८ चे) वेगळा, भोवती प्लास्टिकची भिंत असलेला हेडर असतो. वीस जागा, विसावी रिकामी, पिनांतले अंतर २ मिमी. हाही दोन पोर्टांचा. याची केबल जाड आणि ताठ असते. पिना मात्र नाजूक. टोक तिरके दाबले की कडेची पिन आडवी होते, आणि त्यानंतर ‘पुढचे पोर्ट चालतात, पण हळू चालतात’ अशी तक्रार येते. ३.० चा वेग देणाऱ्या डेटा जोडीतली एक पिन तुटली किंवा वाकली की उपकरण मुकाट्याने २.० च्या वेगावर उतरते. पडद्यावर चूक दिसत नाही. वाकलेली पिन सरळ करायला चिमटा वापरू नये, त्याने ती मुळाशी मोडते. मेकॅनिकल पेन्सिलीतली शिसे काढून तिचे रिकामे टोक पिनेवर सरकवावे आणि थोडे थोडे करून उभे करावे. पिन जाईल एवढे भोक ०.९ मिमीच्या पेन्सिलीला असते, ०.५ च्या पेन्सिलीला नसते. केबल काढतानाही तार न ओढता टोकाला धरून सरळ वर काढावे. कित्येकदा बोर्डवरची प्लास्टिकची भिंतच केबलच्या टोकाबरोबर निघून येते.

एकोणीस पिनांचा रीडर नऊ पिनांच्या बोर्डला जोडायची अडॅप्टर केबल मिळते आणि ती व्यवस्थित चालते, फक्त वेग २.० चा. उलट दिशेची केबलही मिळते. पुढच्या टाइप-सी पोर्टसाठी अलीकडच्या बोर्डांवर तिसराच छोटा, पाकिटासारखा बंद हेडर असतो. रीडरांना तो सहसा लागत नाही.

विजेचा हिशेब. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. २.० चा हब स्वतःची वीज त्याच पोर्टातून घेत असेल तर नियमाप्रमाणे त्याच्या प्रत्येक शाखेला १०० मिलिअँपिअरच उरतात: कीबोर्ड, माऊस, पंख्याचा कंट्रोलर यांना पुरे, कार्ड रीडरला किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कला अपुरे. अनेक रीडर संगणकाकडे सरळ ५०० मागतात. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेच्या सविस्तर यादीत हा आकडा दिसतो. म्हणून रीडर थेट बोर्डच्या हेडरला द्यावा आणि हबाच्या शाखा किरकोळ उपकरणांना, हा क्रम सहसा मोडू नये.

ज्या हबांना एसएमपीएसची (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीची) मोलेक्स किंवा साटा पॉवरची केबल लागते ते या बाबतीत चांगले, पण विकत घेतल्यावर एक तपासणी अवश्य करावी. बहुतेक बोर्डांवर यूएसबी हेडरचे पाच व्होल्ट संगणक बंद असतानाही चालू असतात (स्टँडबाय), तर मोलेक्सचे पाच व्होल्ट संगणकाबरोबर बंद होतात. स्वस्त हबात या दोन्ही लाल वाटा आतून एकमेकींना जोडलेल्या असल्या तर बंद संगणकात स्टँडबायची वीज मोलेक्समधून उलटी एसएमपीएसच्या बाकीच्या भागात शिरते. मग बटण बंद असूनही दिवे मंद जळत राहतात आणि कधीकधी संगणक सुरूच होत नाही. हब कशालाही न जोडता मीटर कंटिन्युइटीवर (तार अखंड असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवावा, एक टोक हेडरच्या लाल तारेला आणि दुसरे मोलेक्सच्या लाल तारेला लावावे. मीटर वाजला तर तो हब वापरू नये.

हब आणि स्प्लिटर. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून बाजारात गोंधळ होतो. यूएसबीची डेटा जोडी एका वेळी एकाच उपकरणाची असते. ती नुसती तारांनी फोडून दोघांना देता येत नाही. ज्या केबलमध्ये चिप नाही आणि जी एका नऊ पिनांच्या टोकाची दोन पूर्ण टोके करते, तिच्यावर एकाच रांगेवरची दोन उपकरणे एकमेकांच्या बोलण्यात बोलतात आणि दोन्ही अडखळतात. एक अपवाद मात्र खरा: हेडरवर मुळातच दोन पोर्ट असल्यामुळे पहिली रांग एका टोकाला आणि दुसरी रांग दुसऱ्याला देणारी साधी केबल बरोबर चालते. वॉटर कूलरच्या (प्रोसेसर पाण्याने थंड ठेवणाऱ्या) आणि आरजीबी (रंग बदलणाऱ्या) दिव्यांच्या कंट्रोलरना एकच पोर्ट लागतो, तिथे हबावर खर्च करायची गरजच नाही.

बसवणी. संगणक बंद करून भिंतीवरचा स्विच बंद करावा, केबल काढावी आणि सुरू करायचे बटण दोनदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. स्टँडबायमुळे ही पायरी गाळता येत नाही. रीडर सहसा ३.५ इंचाच्या खणात बसतो. तो नसेल तर ५.२५ इंचाच्या खणात पट्ट्या लावून. अलीकडच्या काचेच्या कॅबिनेटांत दोन्ही खण नसतात, तिथे अंतर्गत रीडरचा हट्ट सोडून मागच्या पोर्टाला बाहेरचा रीडर लावलेला बरा. आधी केबल खणातून मागून पुढे ओढून मग रीडर सरकवावा, आणि स्क्रू कसण्यापूर्वी एक कार्ड घालून तोंड पट्टीशी सरळ रेषेत आहे का ते पाहावे. दोन मिलिमीटर आत गेलेल्या रीडरमधून मायक्रोएसडी काढायला नखे तोडावी लागतात. हब नुसत्या दुतर्फी टेपवर चिकटवू नये. पावसाळ्यात टेप सुटते आणि हब ग्राफिक्स कार्डवर पडून शॉर्ट होऊ शकतो. केबल बांधायची प्लास्टिकची पट्टी किंवा स्क्रूच बरा. सुरू केल्यावर बायॉसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डवरच्या प्रणालीच्या) बूट क्रमात रीडरचे खण वर आले असतील तर खाली ढकलावेत, नाहीतर आत कार्ड राहिले की संगणक तिथेच अडकून बसतो.

विंडोजमध्ये चार खणांचा रीडर चार रिकाम्या ड्राइव्ह म्हणून दिसतो आणि ड्राइव्हची तेवढी अक्षरे (ई, एफ वगैरे) अडवतो. नेटवर्क ड्राइव्हची अक्षरे त्यांच्याशी भिडतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन रीडरला अक्षरमालेच्या शेवटची अक्षरे द्यावीत.

कार्डे आणि वेग. एसडीएचसी कार्ड ३२ जीबीपर्यंत, त्यापुढे २ टीबीपर्यंत एसडीएक्ससी (२००९ पासून). एसडीएक्ससी कार्ड एक्सफॅट पद्धतीने मांडलेले असते, आणि जुना रीडर किंवा जुनी विंडोज ते न ओळखता ‘फॉरमॅट करायचे का?’ असे विचारते. तिथे ‘हो’ दाबल्याने लग्नाचे सगळे फोटो जाऊ शकतात. कार्ड काढून दुसऱ्या संगणकावर पाहावे. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबी मिळतात, म्हणजे भरलेले ६४ जीबी कार्ड उतरवायला अर्धा तास. तेच ९० एमबी वेगाचे कार्ड ३.० वर बारा मिनिटांत होते. दिवसाला दहा कार्डे असतील तर एकोणीस पिनांच्या रीडरचे पैसे वसूल होतात. ३.० च्या पोर्टशेजारीच बिनतारी माऊसचा रिसीव्हर लावला तर माऊस अडखळतो, कारण त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. रिसीव्हर मागे लावावा.

किनारपट्टीतली हवा. पेडण्यापासून काणकोणपर्यंत जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर असते, आणि समुद्राजवळ तिच्यात मीठही येते. पिनांवर बसलेले मीठ हवेतला ओलावा ओढते. त्यात हेडरवर स्टँडबायचे पाच व्होल्ट रात्रंदिवस असल्याने १ आणि २ क्रमांकाच्या पिना इतरांआधी हिरव्या पडतात. म्हणून पावसाळ्यात संगणक रोज थोडा वेळ तरी चालवून आतली हवा गरम करावी आणि रात्री भिंतीवरचा स्विचच बंद करावा. बायॉसमधला ‘ईआरपी’ पर्याय चालू केला तर बहुतेक बोर्डांवर स्टँडबायची वीज तोडली जाते. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलची पुडी ठेवण्याचा उपयोग नाही. जाळीतून येणाऱ्या हवेपुढे ती दोन दिवसांत भरते. रीडर काढल्यावर उघडा राहिलेला खण पट्टीने बंद करावा. मुंग्या आणि पाली त्याच वाटेने आत जातात, आणि एसएमपीएसमध्ये शिरलेली पाल स्वतःबरोबर एसएमपीएसही जाळते.

हिरव्या पिना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसाव्यात. औषधाच्या दुकानातल्या साध्या स्पिरिटमध्ये पाणी असते.

नेहमीचे बिघाड. ‘यूएसबीवर जास्त करंट’ असा इशारा देऊन संगणक पंधरा सेकंदांत बंद होत असेल, तर दोष बहुधा बोर्डचा नसून पुढच्या पोर्टमधल्या वाकलेल्या जिभेचा किंवा गंजाचा असतो. सर्व अंतर्गत यूएसबी केबली काढून संगणक सुरू करावा, मग एकेक परत लावावी. ज्या केबलीबरोबर इशारा परत येईल ती दोषी. बऱ्याच बोर्डांवर हेडरचा फ्यूज थंड झाल्यावर आपोआप परत जुळतो, त्यामुळे बंद पडलेला हेडर मेला असे समजण्याआधी अर्धा तास थांबावे. रीडर दिसतो पण कार्ड दिसत नाही, तेव्हा दुसऱ्या खणात दुसरे कार्ड घालून पाहावे. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या खणातल्या ५० पिनांपैकी एक वाकली की तेवढाच खण जातो, बाकीचे चालतात. ‘कार्डवर लिहिता येत नाही’ अशी तक्रार असली आणि कडेचे कुलूप उघडे असले, तर कार्ड टाकून देऊ नये. ते कुलूप म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा. तो कुठे आहे हे रीडरमधली एक बारीक पत्री चाचपते आणि तीच गंजून अडकलेली असते. कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये लिहिता आले, तर रीडर बदलावा.