पार्श्वभूमी : सॉफ्टवेअर इंजिनिअरची परीक्षा मुलाखतीतच का होते?

डॉक्टर किंवा वकील व्हायचे तर वाट आखलेली असते. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली परीक्षा, मग नोंदणी. सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचे म्हटले की असे काही हाती लागत नाही. जाहिरातीत ‘पदवी किंवा तितकाच अनुभव’ असे मोघम लिहिलेले असते, आणि पुढे मुलाखतीच्या चार-पाच फेऱ्या. एका फेरीत फळ्यावर कोड लिहायचा, दुसरीत एखाद्या मोठ्या यंत्रणेची मांडणी करून दाखवायची, तिसरीत स्वतःच्या रिपॉझिटरीबद्दल, म्हणजे साठवून ठेवलेल्या कोडबद्दल, बोलायचे. नवख्याला हे मनमानी वाटते, आणि काही अंशी ते आहेही. पण यातली बहुतेक प्रत्येक गोष्ट कधीतरी, कशामुळे तरी सुरू झाली आहे. ते कारण कळले की तयारी कशाची करायची आणि कशावर वेळ घालवायचा नाही, हे ठरवणे सोपे जाते.

सुरुवातीला हे वेगळे काम आहे असेच कोणाला वाटत नव्हते. फेब्रुवारी १९४६ मध्ये फिलाडेल्फियात एनिअ‍ॅक हा संगणक जगासमोर आला. त्याचे प्रोग्रामिंग सहा स्त्रियांनी केले होते : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. शिकायला पुस्तक नव्हते. यंत्राच्या आकृत्या वाचून, तारा जोडून आणि स्विच लावून त्यांनी यंत्राकडून काम करून घेतले. खरी हुशारी यंत्र बांधण्यात, प्रोग्राम लिहिणे हे कारकुनी, अशी तेव्हाची समजूत होती.

ती समजूत केंब्रिजमध्ये मोडली. तिथल्या एडसॅक यंत्रावर ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्राम चालला. त्यानंतर मॉरिस विल्क्स यांनी एक समीकरण सोडवण्यासाठी प्रोग्राम लिहिला. त्याची एक छिद्रे पाडलेली कागदी पट्टी नंतर सापडली आणि तपासली गेली : १२६ ओळी आणि त्यांत सुमारे वीस चुका. यंत्राच्या प्रमुखाच्याच प्रोग्रामची ही गत. आपले उरलेले आयुष्य बरेचसे स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार, हे त्या दिवसांत उमगले, असे विल्क्स यांनी पुढे लिहून ठेवले. उपाय म्हणून त्या गटाने तपासलेले छोटे प्रोग्राम जपून पुन्हा पुन्हा वापरायला सुरुवात केली. १९५१ पर्यंत अशा ८७ सबरूटीन्सचा संग्रह तयार झाला होता. आजच्या लायब्ररी आणि पॅकेजेसचे मूळ तिथे आहे. ‘आधीच कुणी लिहून तपासले आहे का ते पाहा’ हा या धंद्यातला सर्वांत जुना सल्ला आहे.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रोग्रामर कमी पडू लागले. शिकवणाऱ्या संस्था जवळपास नव्हत्या. अमेरिकेतला संगणकशास्त्राचा पहिला विभाग पर्ड्यू विद्यापीठात निघाला तो १९६२ मध्ये. मग माणसे निवडायची कशी? आयबीएमने कल चाचणी तयार केली, आणि ती इतर कंपन्यांनीही उचलली. तिच्यात संख्यामालिका, आकृत्यांमधली साम्ये आणि अंकगणिती उदाहरणे असत. चाचणीतले गुण प्रशिक्षणातल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळत, पण पुढे प्रत्यक्ष काम कोण चांगले करील हे त्यांवरून फारसे कळत नसे. तरीही चाचणी टिकली, कारण ती स्वस्त होती आणि हजारो अर्जांची चाळण तिने एका दिवसात होत असे. आज मुलाखतीआधी ऑनलाइन चाचणीची लिंक येते तिच्यामागेही हेच गणित आहे. त्या टप्प्यावर नापास होणे म्हणजे या कामाला नालायक ठरणे नव्हे. पण तिचा सराव न करता अर्ज करत राहण्यातही अर्थ नाही.

१९६६ मध्ये विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी यांनी काम करणाऱ्या प्रोग्रामरच्या आवडीनिवडी तपासल्या. निष्कर्ष असा, की यांना कोडी सोडवायला आवडतात आणि माणसांत फारसा रस नसतो. निवड करणाऱ्यांनी हे वर्णनच निकष म्हणून धरले. यातली चूक नीट पाहण्यासारखी आहे : तेव्हा कामावर कोण होते एवढेच त्या अभ्यासातून कळत होते, चांगले काम कोण करते हे नव्हे. आधी कोडी घालून माणसे निवडायची आणि मग निवडलेल्यांना कोडी आवडतात असा शोध लावायचा, हे वर्तुळ झाले. एकलकोंडा, रात्रभर जागणारा प्रोग्रामर या प्रतिमेला त्यातून बळ मिळाले, आणि त्या साच्यात न बसणारी कितीतरी माणसे, विशेषतः स्त्रिया, बाहेर राहिल्या. हे नुकसान आजही पुरते भरून निघालेले नाही.

त्या प्रतिमेला धंद्याने स्वतःच लवकर खोटे ठरवले. ७ ते ११ ऑक्टोबर १९६८ या दिवसांत जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने एक परिषद भरवली. विषय होता सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. अहवालात म्हटले आहे, की हे नाव मुद्दाम डिवचण्यासाठी निवडले होते. पूल बांधणाऱ्यांकडे असते तसे शास्त्र आणि शिस्त आपल्याकडे नाही, ती असायला हवी, हा त्यातला टोला. (अपोलो मोहिमेच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन हाच शब्द आपल्या कामाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून वापरत होत्या.) प्रकल्प लांबत होते, खर्च हाताबाहेर जात होता, आणि हाती आलेले सॉफ्टवेअर विश्वासाचे नव्हते. याला नाव पडले ‘सॉफ्टवेअर क्रायसिस’.

आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टमच्या प्रचंड प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये या संकटाचे एक कारण आकड्यांत मांडले. तीन माणसांत बोलण्याच्या जोड्या तीन होतात. सहा माणसांत पंधरा. बारा माणसांत सहासष्ट. म्हणून उशीर झालेल्या प्रकल्पावर नवी माणसे घातली की तो आणखी लांबतो : जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो आणि बोलणी वाढतात. मुलाखतीत ‘मतभेद झाला तेव्हा काय केले’ हा प्रश्न औपचारिक वाटतो, पण त्याचे मूळ या सहासष्ट जोड्यांत आहे.

आता रोजच्या कामाच्या सवयींकडे येऊ. नोकरीच्या जाहिरातीत त्या एका ओळीत उरकतात, पण प्रत्येकीमागे काहीतरी बिघडलेले आहे.

दोघांनी एकच फाइल बदलली की एकाचे काम दुसऱ्याखाली पुसले जाते. यावर बेल लॅब्जमध्ये १९७२ साली मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस हे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन लिहिले. पुढे आरसीएस, सीव्हीएस, सबव्हर्जन आले. २००५ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा (कर्नल) लिहिणाऱ्या मंडळींना ते वापरत असलेले याच जातीचे बिटकीपर मोफत मिळेनासे झाले, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतले. गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास असतो. नवख्यांची एक नेहमीची चूक याच गुणातून होते : पासवर्ड किंवा एपीआय की (दुसरी सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) चुकून कमिट होते, म्हणजे इतिहासात नोंदली जाते, लक्षात आल्यावर ती ओळ पुसून दुसरा कमिट केला जातो, आणि काम झाले असे वाटते. ओळ जुन्या कमिटमध्ये तशीच असते, आणि ज्याने रिपॉझिटरी क्लोन केली, म्हणजे तिची पूर्ण प्रत घेतली, त्याच्याकडेही असते. असे झाले तर आधी ती की जिथून घेतली तिथे जाऊन रद्द करावी, नवी घ्यावी, आणि मगच इतिहास साफ करण्याच्या मागे लागावे. हा क्रम उलटा करू नये.

एकाच्या कोडवर दुसऱ्याने नजर टाकायची ही रीत पूर्वीही होती, पण तिला पद्धतशीर रूप आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये दिले : भूमिका ठरलेल्या, बैठक साधारण दोन तासांत आटोपणारी, आणि उद्देश चुका शोधण्याचा, तिथेच दुरुस्त करण्याचा नव्हे. आजचा पुल रिक्वेस्टवरचा (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशा विनंतीवरचा) रिव्ह्यू त्याचे सैल रूप आहे. दोन तासांमागचे कारण मात्र बदललेले नाही; वाचणारा थकतो. हजार ओळींचा बदल पाठवला तर त्यावर ‘ठीक आहे’ एवढेच येते, शंभर ओळींचा पाठवला तर खऱ्या सूचना येतात.

चाचण्या आणि तपासणी कशासाठी, हे थेराक-२५ या किरणोपचार यंत्राच्या प्रकरणात फार दुःखद रीतीने दिसले. १९८५ ते १९८७ दरम्यान सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग बसला, आणि त्यांतले काही दगावले. शेवटच्या अपघातातली चूक एका बाइटची होती. यंत्राची जागा तपासायची आहे की नाही हे एक चल ठेवत असे : शून्य म्हणजे गरज नाही, बाकी काहीही म्हणजे तपासा. ‘तपासा’ सांगण्यासाठी त्यात ठरावीक किंमत भरण्याऐवजी दर फेरीला एक मिळवला जाई. एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच मावते, म्हणून दर २५६व्या फेरीला तो शून्यावर येई. नेमक्या त्या क्षणी चालकाने बटण दाबले की तपासणी वगळली जाई. आधीच्या मॉडेलमध्ये असे प्रसंग रोखणारे यांत्रिक अडसर होते. या मॉडेलमध्ये ते काढून भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती, आणि ते सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे नीट तपासले गेले नव्हते.

अशा घटनांनंतर परवान्याची मागणी होणे साहजिक होते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने १९९८ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला परवान्याची शाखा म्हणून मान्यता दिली. एसीएम या संगणक व्यावसायिकांच्या जुन्या संघटनेने विरोध केला : कोणते ज्ञान असले म्हणजे माणूस सक्षम, यावरच एकमत नाही, तेव्हा परवान्याने लोकांना खोटी हमी मिळेल. परवान्याची परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली आणि परीक्षार्थी फारच थोडे आल्यामुळे २०१९ नंतर बंद पडली. काही देशांत ‘इंजिनिअर’ ही पदवी लावण्यावर कायदेशीर बंधने आहेत, पण कोड लिहिण्यासाठी परवाना असा जवळपास कुठेच रुजला नाही.

मुलाखत इतकी अवजड झाली ती इथे. बाहेर कोणी पारखून देत नाही, म्हणून प्रत्येक कंपनी स्वतः पारखते, आणि तुम्ही मागच्या नोकरीत पास झाला होता हे पुढची कंपनी धरत नाही. नव्वदीच्या दशकात ‘मॅनहोलचे झाकण गोल का’ छापाची कोडी गाजली, म्हणजे जुन्या कल चाचणीचाच नवा अवतार. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये उघड सांगितले, की अशा कोड्यांवरून काहीच कळत नाही. त्यांची जागा डेटा स्ट्रक्चर (माहितीची मांडणी) आणि अल्गोरिदम (काम करण्याची पायरीवार रीत) यांवरच्या प्रश्नांनी घेतली. हे प्रश्न कामाच्या जवळचे आहेत, पण पूर्ण काम नव्हेत.

एक उदाहरण जवळून पाहू : बायनरी सर्च. क्रमवार लावलेल्या यादीत मधला घटक पाहायचा, लहान-मोठे ठरवायचे, अर्धी यादी सोडायची. सांगायला दोन वाक्ये. पण जॉन बेंटली यांनी अनुभवी प्रोग्रामरना हे लिहायला दिले तेव्हा दहांतल्या साधारण नऊ जणांचे चुकले. नेहमीची चूक अशी : दोन घटक उरले आहेत, डावे टोक ०, उजवे १ (मोजणी शून्यापासून). अपूर्णांक सोडला की मध्य येतो ०. हवा तो घटक उजवीकडे असताना डावे टोक ‘मध्य अधिक एक’ न करता नुसते ‘मध्य’ केले, तर ते ० वरच राहते आणि लूप संपतच नाही. म्हणून उत्तर देण्याआधी रिकामी यादी, एका घटकाची आणि दोन घटकांची यादी कागदावर चालवून पाहावी. यादीत एकच किंमत पुन्हा येऊ शकते का, हेही विचारून घ्यावे. मुलाखत घेणारा बहुधा याच विचारण्याची वाट पाहत असतो.

गोष्ट इथे थांबत नाही. २००६ मध्ये जॉशुआ ब्लॉक यांनी जाहीर केले, की जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या अधिकृत लायब्ररीतल्या, त्यांनीच लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये अनेक वर्षे बग होता. मध्य काढताना दोन्ही टोकांची बेरीज करून दोनने भागले होते. ती बेरीज २,१४७,४८३,६४७ च्या पुढे गेली की ३२ बिटांत मावत नाही आणि ऋण होते. उपाय : उजव्यातून डावे वजा करावे, त्याच्या निम्मे डाव्यात मिळवावे. बग उघडा पडायला यादीत साधारण एक अब्जाच्या पुढे घटक लागतात, आणि कोड लिहिला तेव्हा तेवढ्या मोठ्या याद्या कोणी वापरत नव्हते.

२०२१ मध्ये कोड सुचवणारे कोपायलट आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून असा बायनरी सर्च सेकंदात लिहून मिळतो. त्यामुळे घरी करायला दिलेल्या प्रकल्पाचा भरवसा कमी झाला आहे. काही ठिकाणी मुलाखत पुन्हा समोरासमोर होते, तर काही ठिकाणी साधन वापरू देतात आणि मिळालेल्या कोडमधल्या चुका दाखवायला सांगतात. या दुसऱ्या प्रकाराची तयारी करायची तर दुसऱ्याचा कोड रोज वाचायला हवा. एखाद्या मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्पातला महिन्यापूर्वी मर्ज झालेला छोटा पुल रिक्वेस्ट घ्या. चर्चा न उघडता फक्त बदललेल्या ओळी वाचा. काय खटकते ते लिहून काढा. मग रिव्ह्यूमधल्या सूचना उघडा आणि आपल्या यादीशी ताडून पाहा. पहिल्या काही खेपांना आपल्या यादीत नावे आणि मोकळ्या जागा यांबद्दलच्याच तक्रारी असतात. रिकामी यादी आली तर काय, दोन धागे (थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी कामे) एकदम आले तर काय, हे प्रश्न हळूहळू येऊ लागतात.