इथेनॉलमिश्रित पेट्रोल

मोटारींचे पेट्रोल व निर्जल इथेनॉल यांचे ठरावीक मिश्रण. ‘ई-१०’, ‘ई-२०’ यांतील आकडा इथेनॉलचे आकारमानी शेकडा प्रमाण दर्शवितो. आयात खनिज तेलावरील भारताचे अवलंबित्व (गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक) घटविणे हा मिश्रणामागील मुख्य हेतू.

भारतातील आरंभाविषयी एकमत नाही. मिरज, मनमाड व बरेली येथील २००१ चे पथदर्शी प्रकल्प, किंवा जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत व चार केंद्रशासित प्रदेशांत ठरविलेले ५ टक्के मिश्रण हा आरंभ सामान्यतः मानतात. तथापि ‘पॉवर अल्कोहोल’ (इंधन म्हणून वापरायचे अल्कोहोल) या नावाने केंद्राचा कायदा १९४८ मध्येच झाला होता व तो २००० मध्ये रद्द झाला. त्यामुळे २००१ ला पुनरारंभ म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते. १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला. ई-२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली.

पुणे परिसरात या विषयाचे सर्व दुवे आढळतात : मांजरीची साखर-संशोधन संस्था वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, आसवन्या (अल्कोहोलचे कारखाने) उभारणारी प्राज इंडस्ट्रीज, वाहनांच्या चाचण्या घेणारी कोथरूडची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) आणि लोणी काळभोरचे तेल डेपो.

इथेनॉलचा कच्चा माल म्हणजे मळी, उसाचा रस, मका व तांदूळ. (शेतकरी ‘मळी’ म्हणून शेतात पसरतात ती बहुधा प्रेसमड, म्हणजे रस गाळताना उरणारा गाळ. येथे मळी म्हणजे मोलॅसिस, साखर काढल्यावर उरणारा दाट पाक.) एक टन सी-हेवी (जवळजवळ सर्व साखर काढून घेतल्यावर उरलेल्या) मळीपासून सुमारे २२५ ते २५० लिटर, तर थेट रस वापरल्यास टनभर उसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते. विरळ केलेली मळी यीस्टने ३०–३३° से. तापमानाला आंबवितात, त्याहून फार तापल्यास यीस्ट मंदावते व साखर शिल्लक राहते. तयार वॉशमध्ये (आंबलेल्या द्रवात) ८–१० टक्के अल्कोहोल असते.

साध्या आसवनाने वजनी ९५.६ टक्क्यांपुढे जाता येत नाही, ७८.२° से. ला पाणी व इथेनॉल त्याच प्रमाणात एकत्र उकळतात. उरलेले पाणी काढण्यासाठी पूर्वी बेंझीन, नंतर सायक्लोहेक्झेन वापरीत. आता ३ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश) छिद्रांचे झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे मणी वापरतात : पाण्याचा रेणू आत शिरतो, मोठा इथेनॉल रेणू बाहेर राहतो. दोन स्तंभ आलटूनपालटून चालतात. एक इथेनॉलची वाफ सुकवितो, तेव्हा दुसऱ्यातील पाणी निर्वात करून काढतात. वाफ पुरेशी तापवून घेतली नाही, तर तिच्यातील थेंबांनी मणी फुटून भुगा होतो आणि झडपा अडतात. इथेनॉलच्या लिटरमागे ८–१२ लिटर स्पेंट वॉश (अल्कोहोल काढल्यावर उरलेले सांडपाणी) निघतो. तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात.

इथेनॉल पाणी ओढून घेत असल्याने मिश्रण शुद्धीकरण कारखान्यात न करता डेपोत करतात. ई-१० मध्ये साधारण अर्धा टक्का पाणी शिरले की इथेनॉल पाण्यासह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. पुण्याच्या पावसाळ्यात पंपावरील भूमिगत टाकीच्या चेंबरचे झाकण व डिप पाइपाचे (टाकीतील पातळी मोजण्याच्या नळीचे) टोपण या दोन जागा सांभाळाव्या लागतात. मोजपट्टीला लावायची जुनी पाणीशोधक पेस्ट हा अल्कोहोलयुक्त थर नीट दाखवीत नाही. त्यासाठी वेगळी पेस्ट लागते. जुन्या वाहनांत इथेनॉलने टाकीतील साका सुटून फिल्टर तुंबतो, काही रबरी नळ्या फुगतात, आणि कार्ब्युरेटर न जुळविल्यास इंजिनला इंधन कमी पडते.

आकारमानी टक्का म्हणजे तेवढीच तेलबचत, ही समजूत चुकीची आहे. इथेनॉलपासून लिटरमागे सुमारे २१ मेगाजूल, तर पेट्रोलपासून सुमारे ३२ मेगाजूल ऊर्जा मिळते. त्यामुळे इंजिनची कार्यक्षमता तीच धरल्यास ई-२० वर तेवढ्याच अंतरासाठी पेट्रोल सुमारे १४ टक्केच कमी लागते. शेती, कारखाना व वाहतुकीत जळणारे इंधन यात धरलेले नाही. खपाने पेट्रोलच्या दुपटीहून अधिक असलेल्या डिझेलमध्ये इथेनॉल नीट मिसळत नाही. तेथे बायोडिझेलचा (तेल वा चरबीपासून केलेल्या डिझेलचा) वापर अद्याप अल्प आहे.