झिरो डेप होतं, मग गाडीची किंमत का पडली?

मेव्हण्याची गाडी बघायला आलेला एजंट पाच मिनिटं काही बोललाच नाही. बोनेट उघडून त्यानं कब्जांच्या बोल्टवर बोट फिरवलं. कडांवरचा रंग उडालेला, म्हणजे पाना लागलेला. मग दाराचं रबर बीडिंग ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके पाहिले. शेवटी रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र एकेका पत्र्याला टेकवलं. छतावर 110 मायक्रॉन, डाव्या फेंडरवर 340. "साहेब, हिला डावीकडून मार लागलाय. लांबी (पुट्टी) भरलीय." आणि फोनवर सांगितलेल्या आकड्यातून चाळीस हजार खाली आला.

मेव्हणा तडकला. "झिरो डेप होतं की आमचं! क्लेममध्ये सगळे पैसे मिळालेत."

झिरो डेप म्हणजे घसारा न कापता क्लेम देणारं, पॉलिसीला जोडून घ्यायचं संरक्षण. पैसे मिळाले होते, खरं आहे. पण ते दुरुस्तीच्या बिलातले. एजंटनं कापले ते विक्रीच्या किमतीतले. या दोन्हींना आपण बोलताना 'डेप्रिसिएशन'च म्हणतो, आणि घोळ तिथंच होतो.

विम्यातला घसारा हा सुट्या भागांचा. जुना बंपर काढून नवा बसवला तर नव्याचे पूर्ण पैसे का द्यायचे, असा कंपनीचा हिशोब. म्हणून साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर सरसकट 50 टक्के कापतात. फायबरवर 30, काचेवर शून्य. पत्र्याचं मात्र गाडीच्या वयावर: पहिले सहा महिने काही नाही, दुसऱ्या वर्षात 10 टक्के, चौथ्या वर्षात 25. रंगकामाच्या बिलाचा चौथा हिस्सा रंगसामान धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात.

साडेतीन वर्षांच्या गाडीचं बिल मांडून बघा. बंपर 12,000, त्यातले 6,000 तुमचे. बोनेट आणि फेंडर 20,000, त्यातले 5,000 तुमचे. रंगकाम 16,000, त्यातलं रंगसामान 4,000, म्हणजे 2,000 तुमचे. झाले 13,000. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे 1,000 भरावे लागतातच. झिरो डेप हे 13,000 वाचवतं. वरचे हजार तरीही जातात आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर येतो तो वेगळाच.

एजंट ज्याचे पैसे कापतो तो डाग. गाडी कंपनीच्या वर्कशॉपमधून अस्सल भाग टाकून, चकाचक होऊन आली तरी घेणाऱ्याच्या मनात ती 'ठोकलेली'च. नुसता बंपर बदलला असेल तर फारसं कुणी विचारत नाही, तो बोल्टनं लागतो. पण ॲप्रन (इंजिनाच्या बाजूचा आतला पत्रा), पिलर (छत पेलणारे खांब), छत इथं कापून वेल्डिंग झालं असेल, तर भाव चांगलाच आपटतो, आणि माझ्या मते तो आपटायलाच हवा. पुढच्या टकरीत गाडीतल्या माणसांना वाचवणारा सांगाडा तोच.

या डागासाठी आपल्या पॉलिसीत रकानाच नाही. गाडी दुरुस्त करून देणं किंवा तिचा खर्च देणं, तिथं कंपनीची जबाबदारी संपते. अपघाताचे मागाहून होणारे परिणाम पॉलिसीत स्पष्ट शब्दांत वगळलेले असतात. आयडीव्हीचं, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीचं बघा. पाच वर्षांपर्यंत ती नुसत्या वयावर ठरते, तीन ते चार वर्षांच्या गाडीला 40 टक्के वजावट. तुमची ठोकलेली आणि शेजाऱ्याची न ठोकलेली, मॉडेल आणि वय एकच असेल तर कोष्टक दोघींना सारखंच. बाजार मात्र सारखं मानत नाही. (रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे खरेदीच्या बिलाची रक्कम देणारं जोड-संरक्षण, तेही इथं कामाचं नाही. गाडी चोरीला गेली किंवा पुरती मोडीत निघाली तरच ते लागू होतं.)

मग हे पैसे मागायचे कुणाकडे? चूक आपलीच असेल, तर कुणाकडेच नाही. समोरच्याची असेल, तर त्याच्या थर्ड पार्टी विम्याकडे. त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी सहसा साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं, आणि अर्ज करायचा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. जे बिल आपल्या कंपनीनं आधीच भरलं ते पुन्हा मागता येत नाही; उरलेलं नुकसान मागता येतं. मिळेलच अशी खात्री नाही. किंमत किती पडली हे आपल्यालाच दाखवावं लागतं: पोलिसांतली नोंद, सर्व्हेअरचा अहवाल, दुरुस्तीआधीचे फोटो, आणि दोन-तीन डीलरांनी लेखी दिलेला मार लागल्यानंतरचा व न लागता आला असता तो भाव. 1 एप्रिल 2022 पासून या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. चाळीस हजारांसाठी तारखा मोजायच्या का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. गाडी महागडी आणि नवी असेल तर मी मोजीन.

अमेरिकेत, विशेषतः जॉर्जिया राज्यात, चित्र उलटं आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 2001 साली स्टेट फार्म विरुद्ध मॅब्री खटल्यात ठरवलं की दुरुस्तीनंतरही घटलेली किंमत खुद्द आपल्या विमा कंपनीनं तपासून द्यायची. अटलांटात राहणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावं. मात्र त्यातून निघालेलं '17सी' हे सूत्र कंपन्यांच्या सोयीचं आहे. गाडीच्या किमतीच्या 10 टक्के ही कमाल मर्यादा, तिला आधी नुकसानीच्या आणि मग मैलांच्या गुणकानं गुणायचं. 20,000 डॉलरची गाडी, मध्यम नुकसान, 45,000 मैल: 2,000 चे अर्धे 1,000, आणि त्याचे 0.6 म्हणजे हातात 600 डॉलर. तो आकडा मुकाट्यानं घेऊ नये. स्वतंत्र मूल्यांकन करून घेऊन भांडता येतं.

मेव्हण्याला मी विचारलं, धडक कुणी दिली होती? टेम्पोवाल्यानं. त्याचा नंबर, विम्याचे कागद?

"हातापाया पडायला लागला रे. दिला सोडून."

याला दोन वर्षं होऊन गेलीत.