पवई तलाव

पवई तलाव : मुंबईच्या उपनगरातील कृत्रिम जलाशय. मिठी नदीला मिळणाऱ्या ओढ्यावर, टेकड्यांच्या बेचक्यात बांध घालून तो १८९० मध्ये पूर्ण झाला. मिठी ही पूर्वीपासून हद्दीची नदी. तिच्या मुखाशी, माहीमच्या खाडीच्या एका काठाला मुंबई बेट होते, दुसऱ्याला साष्टी, म्हणजे आजची उपनगरे ज्यावर वसली ते बेट. शहर आणि उपनगर यांची सीमा आजही तिथेच आहे.

तलाव बांधला पिण्याच्या पाण्यासाठी, पण आज त्याचे पाणी कोणी पीत नाही. ते आरे दुग्ध वसाहतीला आणि कारखान्यांना जाते. साठवण सुमारे ५४५ कोटी लिटर, म्हणजे शेजारच्या विहार तलावाच्या साधारण पाचवा हिस्सा. विहारचे पाणी शहर पिते, म्हणून तिथे पहारा. पवईचा काठ मात्र सर्वांना मोकळा राहिला. संध्याकाळी फेरफटका मारणारे, गळ टाकून तासन्‌तास बसणारे हौशी, भाद्रपदात गणपती विसर्जनाला येणारी गर्दी, सगळ्यांना तो पुरतो. रोहू आणि कटला हे इथले नावाजलेले मासे.

याच पाण्यात मगरी राहतात, हे पाहुण्यांना पटत नाही. थंडीत आयआयटीच्या बाजूला त्या जबडा उघडा टाकून ऊन खात पडलेल्या दिसतात. हा राग नव्हे, अंगातली उष्णता बेतात ठेवण्याची रीत. मादी काठच्या मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते, पिल्ले पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. म्हणून काठ हीच इथली खरी मोलाची जागा. त्याच काठाने, जाळ्यांत दगड भरून, महापालिकेने सायकल मार्ग करायला घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तो बेकायदा ठरवला आणि केलेले बांधकाम काढायला सांगितले.

सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी ही जुनी डोकेदुखी. ती यंत्राने काढतात, पुन्हा पसरते. तिच्यावरून लांब बोटांचे कमळपक्षी मात्र खुशाल चालत फिरतात. बगळे, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्याही असतात.

पावसाळ्यात तलाव भरला की बांधावरून सांडणारे पाणी मिठीत उतरते आणि माहीमला समुद्र गाठते.